आपलंच घर समजा

मंडळी, झांजा जरा खाली ठेवा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्या — पाहुणा मालक कधी होतो? नाही, आत्ता नको! आत्ता तुमचं उत्तर चुकेल. आधी ऐका.

कोकणात माडबंदर नावाचं गाव. समोर समुद्र, मागे माड, मध्ये किल्ला. गावाला इतिहास इतका, की किल्ला ढासळला — आणि निवांतपणा इतका, की ढासळताना बघायलाही कोणी उठलं नाही! तिथे भाऊ मुरकर आणि शेवंतीवहिनी. घरात दोनच माणसं, म्हणून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देत. भाऊंना एक खोड. पाहुणा दारात आला, की हात जोडून म्हणायचे — "या! आपलंच घर समजा!"

आपण सगळेच म्हणतो हो. ठाऊक असतं, समोरचा काही समजणार नाही. भाऊंचं नशीब बघा — त्यांना समजणारा भेटला!

उन्मेष देवस्थळे, सहकुटुंब. कुठल्या शहरातले ते सांगत नाही. तिथली मंडळी इथे बसलीत, आणि प्रसाद व्हायचाय अजून.

देवस्थळ्यांनी आल्या आल्या झोपाळा घेतला. "काका, तुम्ही खुर्चीत बसा ना." भाऊ खुर्चीत. सकाळी खुर्ची घेतली. भाऊ पायरीवर. दुपारी देवस्थळ्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकू, तुमचे डबे नीट लावलेत हं. चुकीचे लावले होते तुम्ही!" मग देवघर. "काका, या कोनाड्यात प्लग आहे, मोबाईल ठेवतो. देव जरा सरकवले तर चालेल ना?" कोणाला चालेल? देवाला कोणी विचारलंच नाही! गणपती जाऊन मिठाच्या बरणीशेजारी बसला.

वहिनी कुजबुजल्या, "अहो, सांगा ना त्यांना."

"काय सांगू? आपलंच समजा म्हणालोय मी."

"मग आता म्हणा, आमचं समजा!"

"शेवंती, दारात दिलेला शब्द आहे. माझ्या बापानं कधी मागे घेतला नाही."

"तुमच्या बापाकडे असला पाहुणा कधी आला होता?"

भाऊ उठून अंगणात गेले.

तिन्हीसांजा झाल्या. वहिनी तुळशीपाशी दिवा लावत आणि तोच आत देवापुढे नेत. लग्न होऊन आल्यापासून एक सांज चुकली नव्हती. तेवढा वेळ दार सताड उघडं — लक्ष्मी यायची वेळ ना ती! वहिनी अंगणात, भाऊ शेजारी, वारा सुटलेला, पदराआड ज्योत — आणि धाड! आतून कडी!

देवस्थळ्यांनी डासांसाठी दार लावलं. लक्ष्मी बाहेर, मालक बाहेर, डास आत!

भाऊंनी हात उचलला, आणि थांबले. स्वतःच्या घराचं दार कधी वाजवलंच नव्हतं हो!

"अहो, लवकर. विझेल," वहिनी म्हणाल्या.

टक् टक्.

दार किलकिलं झालं. देवस्थळे — अंगात भाऊंचाच सदरा, खुंटीवर सापडलेला. "कोण पाहिजे?"

मंडळी, काय म्हणावं माणसानं? 'मी पाहिजे' म्हणावं? भाऊ जन्माचे भिडस्त. तोंडातून निघालं, "कोणी नाही... सहज आलो होतो."

आणि देवस्थळे — वाईट माणूस नव्हता हो, तेच तर दुखणं! — मोठ्या मनानं दार उघडत म्हणाले, "मग बाहेर का? या ना! आपलंच घर समजा!"

दाराचा वारा लागला. दिवा गेला.

वहिनी आत गेल्या नाहीत. विझलेला दिवा मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. भाऊ शेजारी. आतून प्रेमळ आवाज आला, "तसेच बसा हं, फोटो काढतो. अगदी जुनं कोकण!"

हसलात? हसा. पण देवस्थळ्यांना नावं ठेवू नका. ज्यानं तो समुद्र मांडला, ते माड उभे केले, त्यानं तुम्हाआम्हालाही दारातच म्हटलं होतं — आपलंच घर समजा. आपण समजलो! झोपाळा घेतला, किनारा घेतला, त्याचा कोनाडासुद्धा घेतला — आणि त्याच्याच देवळाला कुलूप लावून वर पाटी टांगली, दर्शनाची वेळ संपली!

तो येतो हो अधूनमधून. दार वाजवतो. आपण किलकिलं करून विचारतो, कोण पाहिजे? तोही भिडस्त. तो काय म्हणतो?

सांगा, मंडळी. आता चुकणार नाही तुमचं.