जाहीरनाम्याखालची पहिली सही

“जिवंतपणी उभारलेल्या भिंती मृत्यूनंतर कुणाच्याही आड येणार नाहीत,” असा सर्व पंथांच्या आणि धर्मांच्या संवाद परिषदेचा जाहीरनामा दफनभूमीच्या कचेरीत काचेआड टांगलेला आहे. मी त्याखालच्या बाकावर दाखल्यासाठी बसलो होतो. समोर फादरांच्या टेबलाशी एक बाई उभी होती. तिच्या आईची शवपेटी बाहेर गाडीत होती.

“फादर, आईला बाबांशेजारी ठेवायचंय.”

“तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता ना, बाळ?”

“नाही. ती अखेरपर्यंत आपल्याच धर्मात राहिली. तुमच्या वेदीवरची वस्त्रं मात्र तीस वर्षं तिनंच धुतली.”

“तिचे उपकार विसरलो नाही मी. पण हे आवार बाप्तिस्मा झालेल्यांचं. कुंपणापलीकडे जागा आहे, चांगली सावलीची.”

“पलीकडे बाबा नाहीत.”

“नियमापुढे माझंही काही चालत नाही.”

“आणि हे भिंतीवर टांगलंय ते?”

“अगं, तो जाहीरनामा. परिषदेतली भाषा वेगळी असते.”

“मग आईनं परिषदेतच मरायला हवं होतं. निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या.”

“जीभ आवर, पोरी.”

“आवरते. एवढंच सांगा, त्याखालची पहिली सही कुणाची?”

तेवढ्यात तिचा भाऊ दारात आला.

“ताई, ड्रायव्हर विचारतोय, गाडी कुठल्या फाटकाशी लावायची?”

“थांबायला सांग त्याला. फादर उत्तर देतायत.”

फादरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“सही माझीच आहे. पण ती करताना खरंच कुणाला पुरायची वेळ येईल, असं मला वाटलंच नव्हतं.”