घरचं मत

...नाही, पण मला एक सांगा, घरचं मत म्हणजे काय असतं? घरचं मत म्हणजे घरची विहीर! पाणी शेंदताना कोणी तिला विचारतं का, बाई गं, आज तू माझ्याच बाजूची आहेस ना? नाही ना विचारत? मग आमच्या जयरामनं नाही विचारलं तर त्याचं काय चुकलं? आणि त्याच मतानं त्याला भर पंचायतीत, दिवसाढवळ्या, सगळ्या पार्से गावासमोर असा उताणा पाडला, की तुम्हाला सांगतो, अजून आठवलं की माझी सुई कापडाऐवजी बोटात जाते! घरचं मत हो, घरचं!

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो. जयराम आमच्या गावचा सरपंच. माझं शिवणाचं दुकान पंचायतीच्या बरोबर समोर, मशीनवर बसलो की आतली कदेल दिसते... कदेल म्हणजे खुर्ची हो, पोर्तुगीज गेले आणि जाताना आम्हाला भांडायला ही कदेल ठेवून गेले! तर त्या कदेलीत जयराम वर्षानुवर्षं असा बसलेला, जणू सुतारानं त्याच्यासकटच बनवली. माणूस वाईट नाही, कोणाचं वाईट केलं नाही त्यानं, फक्त जगात जे काय होईल ते आपल्याला विचारून व्हावं एवढीच त्याची इच्छा. घरी बांगडे आणायचे की तारले, हा ठरवणार. रेडिओ कुठे लावायचा, हा ठरवणार. एकदा शेजारच्या लग्नात नवरदेव माळ घालायला पुढे झाला तर हा मागून ओरडतो, "अशी न्हय रे, अशी घाल!" अहो, लग्न कोणाचं, माळ कोणाची!

आणि त्याचं किराणा दुकान. पाटीवर नाव जयरामचं, पण गाडा ओढायची सुमंगला, त्याची बायको. सर्वण गावची लेक, बोलायला कमी, पण दुकानात बसली की तिथली राणी. कोणाच्या पोराला खोकला आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिला गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे बघून कळायचं. बायका मीठ न्यायला यायच्या आणि काजूच्या पोत्यावर बसून तासभर मन मोकळं करून जायच्या, आणि जाताना मीठ तिथंच विसरायच्या! जयराम काय करायचा? संध्याकाळी यायचा, गल्ल्याला कुलूप घालायचा आणि चावी जानव्याला बांधायचा. झालं. दुकान चालवलं!

दोनेक वर्षांमागची गोष्ट, साल सत्त्याऐंशी हो. तोवर गोवा संघप्रदेश, दिल्लीच्या ताब्यातला, तो नुकताच घटकराज्य झालेला. जयरामनं पंचायतीसमोर झेंडा लावून काय भाषण ठोकलं महाराजा! "बंधूंनो, आजपासून दिल्लीचा हुकूम आमच्यावर चालणार नाही! आमचं आम्ही ठरवणार! ज्याचं त्याला विचारल्याशिवाय..." आणि तिथंच थांबून, समोर बसलेल्या सुमंगलेला, "गो, उठ, पावण्यांक चाय हाड." ती उठली, गेली. टाळ्या पडल्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू?

आता घरचं मत काय, ते ऐका. आमच्या पंचायतीत बायकांसाठी एक जागा असते, निवडणुकीत बाई आली नाही तर एकीला आत घ्यायची. जयराम म्हणाला, बाहेरची कशाला, आमचीच घेऊया! म्हणजे जयराम आणि त्याचे दोघे, तिकडे सगुण आणि त्याचे दोघे, आणि मधे सुमंगला. हा सगुण कोण, तर मुरमुऱ्यासारखा हलका आणि मिरचीसारखा तिखट माणूस, कदेलीकडे असा बघायचा जसं मांजर मासळीच्या टोपलीकडे बघतं. पण त्याचं काही चालायचं नाही. ठराव आला की जयराम घसा खाकरायचा, "ह्हं!" की सुमंगलेचा हात वर. संपलं! ठराव कसला आहे हेसुद्धा तिला कोणी सांगायचं नाही. खाकरलं की हात, खाकरलं की हात! घरचं मत हो, घरचं!

आणि मग काय झालं... सर्वणला सुमंगलेची आई विहिरीवर घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. सुमंगला गेली माहेरी. आईचं सगळं अंथरुणात करायचं, त्यात दोन महिने गेले. इकडे जयरामच्या डोक्यात आलं की मुलगा प्रज्योत रिकामा फिरतो, त्याला दुकानावर बसवूया. बसवला! सुमंगला परत आली, बसमधून उतरली, पिशवी हातात, घरीसुद्धा गेली नाही, सरळ दुकानात. तर तिच्या जागेवर प्रज्योत! पोत्यावर बायका बसलेल्याच. आणि जयराम सगळ्यांसमोर, मोठं दान दिल्यासारखा हसत, "आता तू दुकानात येव नाका. घरांत बस, आराम कर."

ती म्हणाली, "माका विचारूचां तरी."

हा म्हणाला, "त्यात विचारूचां कितें?"

ती म्हणाली, "बरं."

तुमच्या घरी बायको "बरं" म्हणते ना? म्हणू दे. पण भांडण न करता, पदर न ओढता, पिशवी न आपटता नुसतं "बरं" म्हणाली, तर महाराजा, त्या दिवशी नारळाच्या झाडाखालून चालू नका!

झालं, सगुणनं अविश्वास ठराव आणला. दर वर्षी आणायचा, आम्हाला ती जत्राच वाटायची. जयराम माझ्या दुकानात येऊन पोट धरून हसला. "तेगे तीन, आमी तीन, आनी घरचां मत! शिव तू माझो नवो सदरो, हार घालतले तेव्हां बरो दिसूंक जाय." मी शिवला हो सदरा! काजाला निळा धागा घातला, अजून डोळ्यांसमोर आहे!

सभेच्या दिवशी अख्खा गाव दाराशी. पेडण्याच्या तालुका कचेरीतून साहेब आलेला मतं मोजायला. पहिला तास कशात गेला सांगू? ठराव कुठल्या भाषेत वाचायचा! गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हे वारं तेव्हा नुकतंच घोंगावून गेलेलं. सगुणचा एक माणूस टेबलावर मूठ आपटून ओरडतो, "मराठीतच वाचूंक जाय! मराठीच आमची!" आणि हे सगळं कोणत्या भाषेत? कोंकणीत! त्याला उत्तर द्यायला जयरामचा माणूस उठला तो "कोंकणीचा योग्य तो सन्मान राखण्यात यावा" असं शुद्ध मराठीत बोलून बसला! साहेब घाम पुसतोय. शेवटी म्हणाला, "वाचतच नाही. सगळ्यांना माहीत आहे. ठरावाच्या बाजूने कोण? हात वर करा."

सगुणचा हात वर. त्याचे दोघे, त्यांचे हात वर. जयराम मिशीत हसतोय. आणि मग... कोपऱ्यातल्या बांकावरून... हिरव्या बांगड्या वाजल्या.

सुमंगलेचा हात वर!

तुम्हाला सांगतो, पंखा फिरत होता तो थांबला असं मला वाटलं! जयराम आधी हसतच होता, त्याला वाटलं बाई चुकली. कळवळून, हळू आवाजात, पोराला सांगावं तसा सांगतो, "अगो, आता न्हय! मागीर! आमचो हात मागीर!"

ती म्हणाली, "आताच. कळता माका."

मग हा खाकरला. "ह्हं!" हात तसाच. आणखी जोरात, "ह्हं! ह्हं!" हात तसाच! एवढा खाकरला, एवढा खाकरला, की खरोखरचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी, तोंड लाल... तर सुमंगलेनं काय करावं? उजवा हात वर तसाच ठेवून डाव्या हातानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला! साहेब म्हणाला, "चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर." जयराम म्हणतो, "परत मोजा." परत मोजलं. हात कुठे जातात हो? घरचं मत, घरचं!

घरी जाताना ती दोघं पुढे, मी मागे, वाट एकच आमची. काजूची बाग आली. मग जयराम फुटला. "गोवा राज्य जालां म्हण भाषणां केली मी! आनी तुवें माझां राज्य घालयलां?"

ती न थांबता म्हणाली, "गोवा जालां राज्य. मी अजून संघप्रदेशच आसां."

मी मागच्या मागे काजूच्या झाडाआड झालो. आणि तिथनं ऐकलं, ती सांगत होती, आवाज चढला नाही तिचा, पण ओला होता. म्हणाली, आई अंथरुणात रडायची, लेकी, तुझं घर सोडून माझं किती करशील, तेव्हा मी तिला सांगायची, आई, काळजी करू नको, दुकान आहे माझं, माझी वाट बघतंय. तुमी ता दुकान एका सकाळीं दिलांत. माका न्हय, पोत्यावरच्या बायलांक सांगितलांत आदीं!

जयराम त्या दिवशी जेवला नाही. सकाळी आपल्या ओसरीवर बसून मला विचारतो, "ही बायल खंयची रे?" म्हटलं, सर्वणची! "ता न्हय रे... इतकी वर्सां घरांत होती, माका दिसली कशी ना?" चेहरा असा, जसा कोणी त्याला त्याच्याच घराचा पत्ता विचारला!

म्हटलं, जाऊ दे, दुकान तरी आहे. गेला दुकानात. तर प्रज्योतनं आधीच सगळं आईच्या हवाली केलेलं! "अरे, तुका बसयलेलो मी!" तर पोरगा म्हणतो, "बाबा, माका तरी खंय विचारलेलां? माका गाडयेचां काम शिकूंक म्हापशाक जावचां आसा." म्हणजे बघा, घरात मतं एक नाही, दोन होती!

मग नव्या सरपंचाची निवड. सगुण नवं धोतर नेसून आला, बाहेर फटाक्यांची माळ तयार! आणि जयरामचे दोघे, सगुणला आडवं जायला, उठून म्हणतात, "आमचें नांव सुमंगलाबाय!" सगुणचं तोंड उघडं. साहेबानं हात मोजले. सगुणला तीन. सुमंगलेला ते दोघे आणि तिचा तिचा, तीन. आणि उरला कोण?

जयराम!

सगळा गाव दारातून आत वाकलेला. ज्यानं आपल्याला पाडलं त्या सगुणला कदेल द्यायची, की जिनं हात वर करून पाडलं तिला? सगुण गोड हसून म्हणतो, "जयरामभाऊ, बायल कदेलीर बसल्यार घरांत तुमकां कोण विचारतलो?" जयराम सुमंगलेकडे बघतोय. म्हटलं, आता ही खूण करणार, डोळा दाखवणार! तर ती सरळ त्याच्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमका जाय तसां करा. माझ्या सांगण्यान हात वर करू नकात."

तुम्हाला सांगतो, त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी असं मोकळं सोडलं असेल. कपाळ पुसलं. आणि मग हळूहळू, ओझं उचलल्यासारखा, हात वर केला... बायकोसाठी! सगुण तसाच उठून गेला, फटाके आम्हीच लावले.

आता सुमंगला सकाळभर पंचायतीत, आणि तेवढा वेळ दुकान जयराम बघतो. गिऱ्हाईक बायका दारातनंच विचारतात, "वयनी ना? मागीर येतंव." आणि पोत्यावर कोणी बसत नाही, हा समोर टक लावून बसलेला, कोण मन मोकळं करील!

परवाची गोष्ट. पंचायतीपुढे पणजीची जीप थांबली. पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारी उतरला, येत्या विधानसभेला उमेदवार शोधत होता म्हणे. मी मशीन थांबवलं, जयरामचं जन्माचं स्वप्न हो! आणि जयराम समोरच होता, बाहेरच्या बांकावर, गावच्या माणसांत. पुढारी सरळ त्याच्याकडे गेला, हात जोडले. "तुम्ही सुमंगलाबाईंचे यजमान ना? बाई उभ्या राहतील का, विचारायचं होतं. जरा आत सांगता?"

जयराम कण्हत बाजूला सरकला, बांकावर हातभर जागा केली आणि म्हणाला, "बसा. ढेपेचो गूळ खंय दवरला ता विचारूंक मी सकाळसून हांगा बसलां. माझ्या मागसून तुमचो नंबर."