कचोरी कोणाची

परवा उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या आमच्या मराठी मंडळात चार हॉटेलवाल्यांना बोलावून चाखण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मी वर्षानुवर्षं सांगत आलोय, डोळे बांधा, एका घासात कचोरी कुठली ते ओळखतो. नेमकी त्या दिवशी मला अशी सर्दी, की साबणाची वडी बर्फी म्हणून खाल्ली असती.

मित्र श्रीकांतने माझ्याच मफलरने माझे डोळे बांधले आणि कचोरीचा घास तोंडात दिला. "आज तुझी फेकाफेकी बंद."

बायको कानात म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय म्हणा आणि घरी चला."

पण सगळं मंडळ बघत होतं. मी घास सावकाश चावला, मान डोलावली. "वा. अशी कचोरी उज्जैनात एकच जण करतो. नाव मी कशाला घेऊ? ज्याची आहे त्यानेच सांगावं."

चारही हॉटेलवाले एकदम म्हणाले, "अपनी है, भैया."

मग त्यांचीच आपसात अशी जुंपली, की मला नाव विचारायचं सगळे विसरले. मी मफलर सोडून निवांत चहा घेतला.

बाहेर श्रीकांतने मला गाठलं. "अरे, तुला पकडायला ती मी देवास गेटच्या ठेल्यावरून आणली होती. आता त्या चौघांसमोर सांगू कसं?"

"माहीत होतं मला," मी म्हणालो. "म्हणून तर नाव घेतलं नाही."