उजवा इंडिकेटर

त्या गोऱ्या पाहुण्याचा पाय माझ्यामुळे मोडला रे, खरं सांगतो. धसईला माझ्या गॅरेजवर त्याच्या भाड्याच्या मोटारसायकलची चेन आवळत होतो. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, “ट्रकवाले रस्ता सरळ असतानाही उजवा इंडिकेटर का देतात?”

मी शहाणपणानं सांगितलं, “म्हणजे समोर कोणी नाय, तू खुशाल पुढं जा.”

मुरबाडच्या रस्त्याला एका ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला. हा गाडी पुढं काढायला गेला आणि ट्रक खरंच उजवीकडं वळला.

दवाखान्यात तो माझ्यावर चिडला नाय. त्यानं फक्त विचारलं, “ट्रक वळणार की जा म्हणतोय, हे तुमाला कसं कळतं?”

“आमालापण नाय कळत,” मी म्हटलं. “आमी आजवर वाचलो, एवढंच.”