काच की पट्टी

(कॉर्नवॉलमधलं एक घरगुती गॅरेज. हेडली स्वतः जोडत असलेल्या उघड्या गाडीशेजारी दोन खोकी; समोर त्याची बायको मॉरवेना.)

मॉरवेना : आणि पाऊस आला तर?

हेडली : तर भिजायचं. उघडी गाडी आहे ती. तिच्यात बसून भिजायचंच असतं.

मॉरवेना : भिजायला गाडी कशाला लागते? कॉर्नवॉलमध्ये दारात उभं राहिलं तरी काम होतं.

हेडली : तू आधी नीट बघ तरी. ह्या मोठ्या खोक्यात पूर्ण काच आहे. चौकट, दोन वायपर, वर टप ओढायची सोय, बाजूला दारं. ह्या छोट्यात एरोस्क्रीन. वीतभर उंचीची वाकवलेली पट्टी, बाकी काही नाही. वारा तिच्यावर येतो, उचलला जातो आणि डोक्यावरून निघून जातो.

मॉरवेना : कुणाच्या डोक्यावरून?

हेडली : बसलेल्या माणसाच्या.

मॉरवेना : तू पाच फूट चार इंच. तुझ्या डोक्यावरून जाईल. मी तुझ्यापेक्षा अर्धा फूट उंच आहे, हेडली. माझ्या तोंडावर येईल.

हेडली : तू जरा खाली सरकून बसायचंस.

मॉरवेना : चौसष्टाव्या वर्षी? खाली सरकले तर वर कोण काढणार? ते जाऊ दे. एक खोकं सोमवारी परत जायचंय.

हेडली : खोकला? कुणाला?

मॉरवेना : खोकं. परत जायचंय. सोमवारी.

हेडली : मग तसं स्पष्ट बोल ना. हल्ली फार पुटपुटतेस तू.

मॉरवेना : मी पस्तीस वर्षं नर्स होते. वॉर्डच्या ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या म्हाताऱ्याला गोळ्या समजावून सांगायचे. मी पुटपुटत नाही.

हेडली : पट्टीने गाडी अकरा किलोंनी हलकी होते.

मॉरवेना : ईस्टरपासून तू नऊ किलोंनी जड झाला आहेस. म्हणजे दोन किलोंसाठी मी तोंडावर किडे झेलायचे. सरळ सांग ना, तुला एकट्याला जायचंय. काच असली की बायको शेजारी येऊन बसते. पट्टी असली की ती घरीच बरी.

हेडली : तसं असतं तर त्या पट्टीच्या गाडीवाल्या जोरीकडून दोन हेल्मेटं कशाला आणली असती?

मॉरवेना : दोन आणलीस?

हेडली : ती बघ फळीवर. तुझं मापही सांगितलं त्याला. मोठं डोकं म्हटलं.

मॉरवेना : मग मला काही कळेनासं झालंय. वर्षभर तू काच, काच करत होतास. मार्चमध्ये एकाएकी पट्टी. खरं कारण काय आहे?

हेडली : सांगितलं ना, वजन.

मॉरवेना : हेडली.

हेडली : काच असली की गाडीत माणसं बोलतात.

मॉरवेना : बरं, मग?

हेडली : पट्टी असली की नुसता वारा. साठच्या वेगाला कुणालाच काही ऐकू येत नाही. जोरीला नाही, त्याच्या बायकोला नाही. बोटं करून दाखवायचं, मान हलवायची. तिथे सगळे सारखेच.

मॉरवेना : अच्छा. म्हणजे वजन हे होतं.

हेडली : चाळीस वर्षं न्यूलिनच्या धक्क्यावर बोटींच्या इंजिनात डोकं घातलं. डोकं बाहेर काढलं, कान आतच राहिले. त्यात लाज कसली, असं तू म्हणशील.

मॉरवेना : मी काहीच म्हणत नाहीये. मार्चमध्ये काय झालं?

हेडली : काही नाही.

मॉरवेना : मार्चपासून तू पबमध्ये स्किटल्स खेळायला गेला नाहीस. गुडघा दुखतो म्हणालास. त्याच गुडघ्यावर बसून रोज गाडीखाली शिरतोस.

हेडली : पबमधला डेन्झिल म्हणाला, माझी बहीण गेली. मी ऐकलं, बहीण आली.

मॉरवेना : अरे देवा. तू काय म्हणालास?

हेडली : म्हटलं, वा, झकास. शुक्रवारी घेऊन ये तिला इथे, पहिला ग्लास माझ्याकडून.

मॉरवेना : हसू नये, पण...

हेडली : हस. तिथे कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. डेन्झिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्याची बहीण मेली तो माझं सांत्वन करतोय. त्यानंतर मी त्या दारातून आत गेलो नाही.

मॉरवेना : मला का नाही सांगितलंस?

हेडली : तू पुन्हा कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली असतीस.

मॉरवेना : दोनदा घेतली. एकदा तू गवत कापायला गेलास. जानेवारीत. दुसऱ्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे.

हेडली : दात खरंच दुखत होता.

मॉरवेना : ऐक. आज मी भांडत नाही. रविवारी पट्टी लाव. मी हेल्मेट घालीन, गॉगल घालीन, मूरच्या माळरानापर्यंत जाऊन येऊ. मग ठरवू कुठलं खोकं परत जायचं ते.

हेडली : काय ठरवू?

मॉरवेना : रविवारी. पट्टी. मी येते.

हेडली : येतेस? बरं. लोकरीचा स्वेटर घाल. जाडा.

(रविवार दुपार. त्याच गॅरेजमध्ये गाडी नुकतीच येऊन थांबली आहे. तापलेलं इंजिन टिकटिकतं आहे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेटं.)

मॉरवेना : अकरा वर्षं मी मांसाला शिवले नव्हते. आज सतरा मैलांत तीन माशा गिळल्या. हात दे, मला बाहेर काढ. असा बघत काय बसलायस?

हेडली : मॉरवेना, हे तोंडापुढचं दांडकं कशाचं आहे?

मॉरवेना : मला काय माहीत. जोरीने काय सांगितलं होतं?

हेडली : तो बराच वेळ सांगत होता काहीतरी. मी मान हलवली.

मॉरवेना : आणि ही सीटमागे गेलेली वायर?

हेडली : तीसुद्धा त्यानेच जोडून दिली काल. तेव्हाही मी मान हलवली. माइक आहे तो. तुझ्या तोंडाशी माइक, माझ्या कानाशी स्पीकर.

मॉरवेना : नाही.

हेडली : हो.

मॉरवेना : कुठपासून ऐकलंस?

हेडली : चर्चच्या वळणापासून. तुझ्या आईने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, असं म्हणालीस, तिथपासून.

मॉरवेना : मला वाटलं वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार. म्हणून बोलत सुटले. पुलावर मी काय म्हटलं, तेही ऐकलंस?

हेडली : त्या व्हॅनवाल्याबद्दल? तुला असले शब्द येतात हे मला माहीत नव्हतं.

मॉरवेना : वॉर्डात शिकले. मग तू बोलला का नाहीस?

हेडली : बोललो असतो तर तू थांबली असतीस. मग तू गायलीस. मग ते म्हणालीस.

मॉरवेना : काय?

हेडली : की ह्याला काही सांगायचं म्हणजे आधी घसा तयार करावा लागतो. तोवर ते सांगण्यासारखं राहत नाही. मग वाटतं, जाऊ दे. दिवसभरात कितीतरी जाऊ दे होतात, म्हणालीस.

मॉरवेना : ते तुला लागावं म्हणून नव्हतं रे बोलले.

हेडली : लागलं नाही. म्हणजे लागलं. पण मी आवाजच ऐकत होतो. मला वाटायचं, कानात यंत्र घातलं की सगळं नुसतं मोठं होतं. कर्णा लावल्यासारखं. हे मोठं नव्हतं. जवळ होतं.

मॉरवेना : मी डॉक्टरांची वेळ घेऊ?

हेडली : मी घेतो. उद्या सकाळी. तू फक्त शेजारी उभी राहा, फोनवर पलीकडची बाई काय म्हणते ते मला सांगायला.

मॉरवेना : दात दुखला तरी जायचं.

हेडली : दुखला तरी. आणि पट्टी परत पाठवतो.

मॉरवेना : का? उलट मला आता पट्टी आवडायला लागलीय. उतारावर वारा असा अंगावर आला ना, मी दोन्ही हात वरच केले.

हेडली : जोरीच्या मामाकडे ते कानातलं यंत्र आहे. तो म्हणतो, वाऱ्यात त्यात नुसत्या शिट्ट्या वाजतात. आणि कुठे चहाला थांबलो तर हेल्मेट घालून का बसायचं? काच लावू. आडोसा राहील.

मॉरवेना : लाव. पण टप ओढायचा नाही. पाऊस आला तरी.

हेडली : भिजशील.

मॉरवेना : भिजेन. काढ आता ते डोक्यावरचं, चहा टाकते.

हेडली : थांब जरा. खाणीजवळ तुझं एक वाक्य अर्धं राहिलं. केरेन्झा आणि तिच्या नवऱ्याबद्दल होतं काहीतरी. ट्रॅक्टर आडवा आला.

मॉरवेना : तेवढं काही नव्हतं. लेकीची नेहमीचीच कुरकुर.

हेडली : असेना.

मॉरवेना : आत चल, हेल्मेट काढ, मग सांगते.

हेडली : नको. तूही काढू नकोस. इथेच बस, आणि हळू बोल.