सौंदर्याची वाकळ

कोर्टात लेकीच्या तारखेला आलेल्या बनाबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक वेगळे राहणारे नवरा-बायको सहीआधी पोरीच्या ताब्याचा करार वाचत होते. बनाबाईंचा कान आपसूक तिकडं वळला.

"शनिवार-रविवार सौंदर्या तुमच्याकडं. दिवाळी आलटून-पालटून. पटतंय न्हवं?"

"पटतंय. पर मागल्या खेपंला पोरगी झोपलीच न्हाई. रडून रडून जीव नकोसा केला."

"पांघरायला तिची वाकळ दिलती की!"

"दिलतीस. मळलीया म्हणून मी धुतली."

"धुतली? माझ्या जुन्या साड्यांची हाय ती. माझ्या वासाबिगर झोपत न्हाई पोरगी."

"चुकलंच माझं. आता न्हाई धुणार. पर रविवारी तुझ्याकडं परत धाडताना तरी धुऊ?"

बाईनं कागदावर सही केली.

"नको. तवाबी धुऊ नका. तुमचाबी वास ऱ्हाऊ दे तिच्यात."