मॅडमच्या कड्यातला पक्षी

दागिने धुवायचा विषय माझ्यासमोर काढू नका गं! सत्त्याण्णव साली आम्ही ओमानला, सूर नावाच्या कोळ्यांच्या गावात होतो. ह्यांच्या अमेरिकन साहेबाच्या बायकोने मला चांदीचं जुनं कडं दिलं. "आमच्याकडच्या झुनी आदिवासींच्या हातचं आहे, जप हं," म्हणाली. त्यावर फिरोजा, पोवळं आणि शिंपल्याचे तुकडे बसवून केलेला पक्षी होता. चांदी काळवंडलेली दिसली, म्हणून मी आपलं ते रिठ्याच्या पाण्यात उकळलं. चांदी लखलखली, पण पक्षी पातेल्याच्या तळाशी!

हे हादरलेच. "अगं, शुक्रवारी मॅडम जेवायला येतायत!" सगळे तुकडे घेऊन बाजारातल्या म्हाताऱ्या ओमानी चांदीवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "इन्शाल्ला, गुरुवारी."

गुरुवारी कडं आलं. तुकडा एकही कमी नव्हता. पण म्हाताऱ्याचा सगळा जन्म त्या कोळ्यांच्या गावात गेलेला. त्याने मासा जोडून ठेवला होता!

शुक्रवारी मी सुरमईचं कालवण वाढत असताना मॅडमने माझं मनगट धरलं. "मी पक्षी दिला होता ना?"

ह्यांनी घाईघाईने कालवणाचं पातेलं पुढे सरकवलं.

मी म्हटलं, "मॅडम, सूरला आले तेव्हा मीसुद्धा पक्की शाकाहारी होते."